प्रकाशाने वाचायची तबकडी

सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. ५ नोव्हेंबर १८४३ या दिवशी विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केले, आणि तिथून मराठी रंगभूमी सुरू झाली. त्या नाटकात सूत्रधार पदे म्हणे. पण त्याचा आवाज कसा होता, हे आज सांगायला कोणी नाही. कारण आवाज धरून ठेवण्याची युक्ती त्या वेळी जगात कुठेच नव्हती. बोल तोंडातून सुटला की हवेत विरून जायचा.

आता सांगलीहून मिरजेला चला. तिथल्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. ते गेले २७ ऑक्टोबर १९३७ रोजी. पण त्यांचे गाणे आजही ऐकायला मिळते. इतकेच काय, त्यांची एक ठुमरी गदगच्या बाजारात ध्वनिमुद्रिकेवर ऐकून भीमसेन जोशी नावाचा मुलगा १९३३ साली गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. गाणारा समोर नाही, मैफल नाही, आणि तरी गाण्याने एका पोराचे आयुष्य पालटले!

भाव्यांचा सूत्रधार हरवला आणि खाँसाहेब राहिले, हा फरक कशाने पडला? एका तबकडीने. त्याच तबकडीच्या वंशातली धाकटी बहीण म्हणजे आपली सीडी. चकचकीत, हातात धरली की इंद्रधनुष्य दाखवणारी. घराघरांत अशा पाच-पन्नास पडलेल्या असतील. कोणी शेतात पाखरे बुजवायला दोरीला टांगल्या, तर कोणी गाडीच्या आरशाला अडकवल्या. ही वस्तू कशी जन्मली, तिच्यात आवाज राहतो कसा, आणि अजून कपाटात आहेत त्या तबकड्यांचे आपण काय करावे, हे आज पाहू.

आधी थोरल्या बहिणीची ओळख करून घेऊ. अमेरिकेत टॉमस एडिसनने १८७७ साली नळकांड्यावर आवाज कोरून दाखवला. त्यानंतर १८८७ साली एमिल बर्लिनरने सपाट तबकडीचा ग्रामोफोन पुढे आणला. हा बर्लिनर मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हर शहराचा. तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला तोही त्याच हॅनोव्हरमध्ये, १८९८ साली. हे गावाचे नाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे पुन्हा जायचे आहे.

हिंदुस्थानात तबकडीसाठी कलावंतांचे पहिले मुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. खाँसाहेबांचा आवाज ग्रामोफोन कंपनीने १९०५ च्या सुमारास घेतला. त्या काळी आपल्याकडे तबकड्या छापायची सोय नव्हती. गाणे इथे घ्यायचे, साचा बोटीने हॅनोव्हरला न्यायचा, तिथे तबकड्या छापायच्या आणि पुन्हा बोटीने इकडे आणून विकायच्या. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली.

ही जुनी तबकडी कशाची असे, ठाऊक आहे? लाखेची. पळस, बोर, कुसुंब या झाडांवर बारीक किडे जी लाख करतात, तीच लाख. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी कालवून गरम साच्यात दाबायची. वर नागमोडी खाच. ही खाच म्हणजे आवाजाच्या लाटेचे चित्रच. पोलादी पिन त्या खाचेतून घसरत जाते, खाचेबरोबर हलते, ते हलणे पडद्याला पोचते आणि कर्ण्यातून गाणे बाहेर पडते. एका बाजूला तीन-चार मिनिटांचे गाणे मावे. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात सगळे उरकावे लागे.

ही युक्ती मोठीच होती, पण तिच्यात एक खोट होती. पिन खाचेला घासत जाते. रहाटाच्या दोराने विहिरीचा काठ झिजावा, तशी प्रत्येक वेळी खाच थोडी झिजते. म्हणजे जे गाणे आपल्याला फार आवडते, जे आपण पुन्हा पुन्हा लावतो, तेच सगळ्यांत आधी खराब होते. आवडीची ही केवढी शिक्षा!

हे दुःख आपल्याकडचेच होते असे नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात जेम्स रसेल नावाचा एक शास्त्रज्ञ होता. त्याला संगीताची आवड होती, आणि आपल्या तबकड्या झिजतात म्हणून तो वैतागलेला असे. पोलादी पिनेऐवजी त्याने निवडुंगाचा काटासुद्धा लावून पाहिला. तरी घासणे ते घासणेच. मग त्याच्या मनात आले की तबकडीला हातच लावला नाही तर? नुसत्या प्रकाशाने ती वाचली तर? प्रकाशाला वजन नाही, धार नाही. कितीही वेळा पडला तरी तो खाच झिजवणार नाही. रसेलने फोटोच्या फिल्मसारख्या पदार्थावर बारीक ठिपके उमटवून आरपार जाणाऱ्या प्रकाशाने ते वाचण्याची तऱ्हा काढली. १९६६ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० साली ते त्याला मिळाले.

पण सीडीचा शोध एकट्या रसेलने लावला असे म्हणणे बरोबर होणार नाही. कॅलिफोर्नियात डेव्हिड पॉल ग्रेग याने १९५८ सालीच प्रकाशाने वाचायच्या तबकडीची कल्पना मांडली होती. हॉलंडमधल्या फिलिप्स कंपनीत पीट क्रेमर आणि क्लास कोंपान हे १९६९ पासून निराळ्या वाटेने चालले होते. त्यांनी प्रकाश आरपार न सोडता आरशावरून परतवला. तबकडीला चकाकी आली ती या विचारातून. श्रेय कोणाचे किती, यावरून पुढे कोर्टकचेऱ्याही झाल्या. एका विहिरीला चार बाजूंनी झरे लागावेत तसे हे झाले, आणि मोठे शोध बहुधा असेच लागतात.

या सगळ्यांना एका गोष्टीची गरज होती. प्रकाश हवा, पण सुईच्या टोकाहून बारीक ठिपक्यावर एकवटणारा. साध्या दिव्याचा प्रकाश चहूकडे पसरतो. लेझरचा प्रकाश एकाच रंगाचा आणि एका शिस्तीने चालणारा असतो. पहिला लेझर थिओडोर मेमन याने १९६० साली चालवून दाखवला. सुरुवातीची यंत्रे काचेच्या लांब नळीची होती. साध्या खोलीत अखंड चालणारा, मोहरीएवढा लेझर १९७० साली जमला, आणि मग प्रकाशाची ‘पिन’ घरगुती यंत्रात बसवता येईल अशी आशा वाटू लागली.

पहिली प्रकाश-तबकडी बाजारात आली ती चित्रपट दाखवणारी. डिसेंबर १९७८ मध्ये ती अमेरिकेतल्या अटलांटा शहरात विकायला ठेवली गेली. तिचा आकार जेवणाच्या ताटाएवढा होता. ती महाग होती, त्यामुळे फारशी चालली नाही. पण प्रकाशाने तबकडी वाचता येते आणि ती विकताही येते, हे तिने सिद्ध केले. मग फिलिप्सने ८ मार्च १९७९ रोजी आइंडहोवन या आपल्या गावी गाण्याची छोटी तबकडी वाजवून दाखवली. पुढे जपानच्या सोनी कंपनीशी हातमिळवणी करून १९८० साली तिचे माप आणि नियम ठरवले. व्यास १२ सेंटिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकच माप मानले, म्हणूनच कोणतीही सीडी कोणत्याही यंत्रात वाजते.

आता तुम्ही विचाराल की या गुळगुळीत चकतीवर खाच तर दिसत नाही, मग आवाज ठेवलाय कुठे?

शिक्षक मित्रहो, हे मुलांना सांगताना सांगलीचा आयर्विन पूल उपयोगी पडेल. पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढू लागले की पुलापाशी पातळी मोजतात आणि ती फुटांत सांगतात. समजा, एकाने दर तासाला पातळी पाहून वहीत आकडा लिहिला. पूर ओसरल्यावर ती वही दुसऱ्या गावी पाठवली. तिथला माणूस त्या आकड्यांवरून पुराचा चढउतार कागदावर जसाच्या तसा काढू शकेल, नाही का? नदी पाठवावी लागत नाही, आकडे पाठवले की झाले.

आवाजही हवेतली लाटच. सीडीसाठी या लाटेची उंची तासाला एकदा नव्हे, तर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतात, तीही डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळी. प्रत्येक उंचीला ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक पायरी मिळते आणि तिचा आकडा शून्य आणि एक या दोनच चिन्हांत, सोळा घरांत लिहितात. हिशेब केलात तर एका सेकंदाला १४ लाखांवर चिन्हे होतात आणि एका तासाला ५०० कोटींच्या वर. जुन्या तबकडीवर लाटेचे चित्र होते, नव्या तबकडीवर लाटेची वही आहे. दोघींत मोठा फरक आहे तो हाच.

ही वही लिहितात बारीक खळग्यांनी. खळग्याची रुंदी साधारण अर्धा मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. खळग्यांची ओळ मधून सुरू होते आणि चकलीसारखी वळत बाहेर जाते. दोन वेढ्यांत अंतर फक्त १.६ मायक्रॉन. माणसाच्या एका केसाच्या जाडीत तीस-चाळीस वेढे बसतील. हा सगळा वेढा उलगडून सरळ केला, तर तो पाच किलोमीटरच्या वर भरेल. सांगलीहून मिरजेच्या निम्म्या वाटेपर्यंत तो सहज पोचेल, आणि राहतो मात्र तळहातावर!

आता वाचन कसे होते ते पाहू. खळग्यांवर ॲल्युमिनियमचा पातळ थर देऊन आरसा केलेला असतो. लेझरचा किरण खालून येतो. सपाट जागी पडला की तसाच परततो. खळग्यापाशी मात्र त्याचा काही भाग खळग्यात जातो आणि काही भाग काठावर पडतो. खळग्याची खोली अशी बेतलेली असते की आत जाऊन येणारा प्रकाश अर्धी लाट मागे पडावा. एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली, मग दोन्ही एकमेकांना मारतात आणि परतणारा उजेड मंदावतो. उजेड बदलला की ‘एक’, बदलला नाही की ‘शून्य’. यंत्र ही चिन्हे गोळा करते, त्यांचे आकडे करते, आकड्यांवरून लाट काढते, आणि खाँसाहेबांचा षड्ज खोलीत घुमू लागतो. कुणी कुणाला घासलेले नाही.

“पण चरा पडला तर?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रत्येक शिक्षकाच्या टेबलावर आहे, ते म्हणजे हजेरीपट. हजेरीपटात मुलाची आडवी बेरीज असते आणि दिवसाची उभी बेरीज असते. एका घरावर शाई सांडली, तर बेरजा पाहून तिथे काय होते ते तुम्ही बिनचूक सांगाल. सीडीवरही मूळ आकड्यांबरोबर असे पडताळ्याचे आकडे लिहिलेले असतात. १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी जी रीत काढली, तिच्यावर ही व्यवस्था उभी आहे. मात्र सलग दहा घरांवर शाई सांडली तर बेरीजही हात टेकते. त्यासाठी दुसरी युक्ती केली आहे. शेजारचे आकडे शेजारी न लिहिता ते दूर दूर विखरून लिहायचे. मग एका चऱ्याने प्रत्येक ओळीतले एखादेच घर जाते आणि ते भरून काढता येते. ओळीचा अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुकडा गेला तरी यंत्र तो पुरता भरून काढते, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

आता पुन्हा हॅनोव्हरला जाऊ. १७ ऑगस्ट १९८२ रोजी पहिल्या सीडी विक्रीसाठी छापून निघाल्या त्या हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेन या गावी, बर्लिनरच्या जुन्या धंद्याचा वारसा चालवणाऱ्या कारखान्यात. ज्या मुलखात खाँसाहेबांची लाखेची तबकडी छापली गेली, त्याच मुलखात पाऊणशे वर्षांनी प्रकाशाची तबकडी जन्मली. १ ऑक्टोबर १९८२ ला सोनीने जपानमध्ये सीडी वाजवण्याचे यंत्र विकायला काढले.

लवकरच लोकांच्या ध्यानात आले की आकडे ते आकडे. ते गाण्याचे असोत की पुस्तकाचे, तबकडीला काय त्याचे? वाईला मराठी विश्वकोश तयार झाला, त्याचे जाडजूड खंड तुमच्या वाचनालयात असतील. असा वीस हजार पानांचा एक ग्रंथसंच धरा. पानावर सहा हजार चिन्हे आणि एका मराठी चिन्हाला तीन बाइट, म्हणजे एकूण ३६ कोटी बाइट झाले. एका सीडीत ६५ कोटींहून जास्त मावतात. अख्खे कपाटभर ज्ञान एका चकतीत, आणि वर जागा शिल्लक! पुढे १९९६ साली डीव्हीडी आली. तिचे खळगे आणखी बारीक आणि लेझर तांबड्या उजेडाचा. २००६ साली निळसर जांभळ्या लेझरची ब्लू-रे आली. प्रकाशाची लाट जितकी आखूड, तितके अक्षर बारीक काढता येते, एवढेच त्यातले सूत्र.

आपल्या भागातही या तबकडीने पुष्कळ काम केले. वाईजवळच्या पसरणीत १९२३ साली जन्मलेले शाहीर साबळे यांचा आवाज आधी ध्वनिमुद्रिकेवर, मग कॅसेटवर आणि मग सीडीवर आला. शाहीर २०१५ साली गेले, आवाज राहिला. वगनाट्ये, कीर्तने, भजने व्हीसीडीवर आली आणि यात्रेच्या बाजारात विकली गेली. शाळांनी स्नेहसंमेलने तबकडीवर उतरवली, लोकांनी लग्ने उतरवली, आणि कुणी हौसेने आजीच्या जात्यावरच्या ओव्याही.

इथेच एक धोक्याची गोष्ट सांगायला हवी. बाजारात विकत मिळालेली तबकडी साच्यात दाबलेली असते, तिचे खळगे खरे असतात. पण घरी किंवा फोटोवाल्याकडे ‘लिहिलेली’ सीडी निराळ्या जातीची. ती १९८८ साली जपानच्या तायो युदेन कंपनीने काढली. तिच्यात खळगे नसतात, रंगाचा थर असतो. लेझर तो ठिकठिकाणी भाजून डाग पाडतो. हा रंग ऊन आणि उष्णता यांनी विटतो. आणि गंमत पाहा, विकत घेतलेल्या गाण्याच्या हजारो प्रती जगात असतात. आजीच्या ओव्यांची प्रत मात्र एकच असते, आणि तीच नेमकी कच्च्या तबकडीवर असते.

म्हणून काही साध्या गोष्टी पाळाव्यात. तबकडी काठाने धरावी. पुसायची झाली तर मऊ सुती कापडाने, मधून काठाकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये. गोल चरा एकाच ओळीवरून लांब धावतो आणि पडताळ्याचे आकडे हरतात. वरच्या, नाव लिहायच्या बाजूला जास्त जपावे. लोकांना वाटते की चकचकीत बाजू नाजूक. खरे पाहता त्या बाजूला मिलिमीटरभर जाड पारदर्शक पडदा आहे. खिडकीच्या काचेवर थेंब असला तरी पलीकडचा अजिंक्यतारा दिसतो, तसा किरण बारीकसारीक धुळीतून आत पाहतो. नावाच्या बाजूला मात्र आरशावर नुसता लाखटणाचा पातळ हात असतो. तिथे खरवडले की आरसाच गेला. तबकडी उन्हात, पत्र्याखाली तापत ठेवू नये.

कृष्णा-वारणेच्या काठच्या मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत घरांची कपाटे चिखलात गेली. अशी तबकडी लगेच फेकू नका आणि वाळलेला चिखल खरवडूही नका. स्वच्छ पाण्यात हलकेच धुवा आणि सावलीत उभी करून वाळवा. पुष्कळदा ती पुन्हा बोलते.

पण खरा उपाय एकच, तो म्हणजे नक्कल. आकड्यांची नक्कल मुळाइतकीच चोख होते. नकलेची नक्कल केली तरी आवाज फिका पडत नाही. हे सामर्थ्य लाखेच्या तबकडीला नव्हते, कॅसेटलाही नव्हते. नव्या संगणकांत आता तबकडी घालायची खाच बहुधा नसते. वाचणारी यंत्रे दुर्मिळ होण्याआधी, शाळेत किंवा तालुक्याच्या गावी असे यंत्र आहे तोवर, आपल्या तबकड्या हार्ड डिस्कवर आणि पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. दोन प्रती करा आणि त्या दोन ठिकाणी ठेवा. एक नदीकाठच्या घरी असेल, तर दुसरी माळावरच्या पाहुण्यांकडे असू द्या.

शिक्षक बंधू-भगिनींनो, हे काम सातवी-आठवीच्या मुलांना आनंदाने जमेल. मुलांनी घरोघर विचारावे की तबकडीवर कोणाचा आवाज आहे, कोणत्या सालचा, कोणत्या प्रसंगाचा, आणि ते वहीत नोंदवावे. नाव नसलेला आवाज दहा वर्षांनी अनोळखी होतो. सुरुवात विकतच्या गाण्यांपासून करू नका. ज्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच नाही, त्यांची तबकडी आधी काढा.